तोंड आणि मानेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाड मोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुणे आणि आसपासच्या रुग्णांकडून, त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. विषय दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उत्तरे माहितीसाठी आहेत. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय तुमच्या सर्जनचा.

१. ऑपरेशन कॅन्सरचं झालं, मग हाड का मोडतं?

तीन कारणांनी. एक, गाठीबरोबर हाडाचा काही भाग काढलेला असतो आणि उरलेला भाग पातळ असतो. दोन, किरणोपचारांमुळे (आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात) हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. असे हाड बाहेरून शाबूत दिसते, पण रोज होणारी झीज भरून काढण्याची त्याची ताकद गेलेली असते. तीन, जबडा नव्याने बनवण्यासाठी पाय, हात किंवा कमरेतून हाड उसने घेतलेले असते आणि मागे राहिलेल्या हाडावर जास्त भार येतो. हाड मोडते ते जवळपास नेहमी कापलेल्या, शेकलेल्या किंवा उसने दिलेल्या जागी. म्हणून डिस्चार्ज कार्डाइतकेच दोन कागद जपा: ऑपरेशन नोट आणि किरणोपचाराच्या डोसचा कागद. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये हेच दोन कागद लागणार आहेत.

२. नेमकं कुठलं हाड मोडू शकतं?

सर्वात जास्त वेळा खालचा जबडा. वरचा जबडा क्वचित, कारण त्याला रक्तपुरवठा अनेक बाजूंनी होतो. त्यानंतर हासळी (गळ्याखालचे आडवे हाड, कॉलर बोन), हाताचे हाड घेतले असेल तर मनगटाच्या वरचे रेडियस, पायाचे घेतले असेल तर क्वचित नडगी, आणि कमरेच्या कडेचे घेतले असेल तर तिथली पुढची टोकदार बाजू. मानेच्या मणक्यांचा विषय वेगळा आहे, तो प्रश्न १७ मध्ये. जबड्यातली धातूची प्लेट तुटणे म्हणजे हाड मोडणे नव्हे, पण लक्षणे बरीच सारखी असतात (प्रश्न १०).

३. घरी कसं ओळखायचं? दुखत नसेल तर मोडलं नाही ना?

दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ऑपरेशनमध्ये जबड्याची संवेदनेची नस गेलेली असेल किंवा त्या बाजूला बधिरपणा असेल, तर मोडलेला जबडाही फारसा दुखत नाही. याकडे लक्ष ठेवा:

- काल जुळत होते ते दात आज जुळत नाहीत, किंवा हनुवटी एका बाजूला सरकली आहे
- जेवताना ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर चावणे बदलले
- खालच्या ओठाचा किंवा हनुवटीचा नवा बधिरपणा
- हिरडीतून पिवळट, खरखरीत हाड जिभेला लागणे. गालातून किंवा हनुवटीखालून पू अथवा लाळ झिरपणे
- कवळी अचानक बसेनाशी होणे

कवळीचे लक्षण सगळ्यात जास्त दुर्लक्षिले जाते. लोक कवळी घासून घ्यायला जातात आणि खाली जबडा मोडलेला असतो.

४. ऑपरेशननंतर किती दिवस धोका असतो?

जबड्याची नुसती कड काढली असेल तर पहिले काही आठवडे ते महिने जास्त जपायचे. प्लेट महिन्यांनी किंवा वर्षांनी तुटू शकते, कारण तो धातूच्या थकव्याचा प्रकार आहे. हासळी बहुधा काही महिन्यांनी ते दोन-तीन वर्षांत मोडते. किरणोपचार घेतलेल्या जबड्याला मुदत नसते. पहिली तीन वर्षे धोका जास्त असतो हे खरे, पण दहा-पंधरा वर्षांनी दात काढल्यावरही हाड सडून मोडू शकते. ‘पाच वर्षं झाली, आता सुटलो’ हे कॅन्सर परत येण्याबाबत बरेचसे खरे असते, जबड्याबाबत नाही.

५. मोडल्याची शंका आली. त्या घटकेला काय करायचं?

आधी श्वास बघा. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला तर जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. रुग्णाला आडवे करू नका. बसवून पुढे वाकवा आणि लाळ-रक्त बाहेर येऊ द्या. श्वास घेताना घरघर होत असेल, लालभडक रक्त थांबत नसेल किंवा तो गोंधळलेला वाटत असेल तर १०८ ला फोन करा. ज्यांचे स्वरयंत्र पूर्ण काढले आहे ते मानेतल्या छिद्रातून श्वास घेतात, हे रुग्णवाहिकेत चढताच सांगा, म्हणजे ऑक्सिजन नाकाला नाही तर मानेला लावला जाईल.

इतका गंभीर प्रकार नसेल तर हे करा:

१. तोंडाने काही चावायला देऊ नका. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असेल तर नेहमीचे फीड चालू ठेवा, पण लगेच ऑपरेशनची शक्यता असेल तर आधी फोन करून विचारा.
२. डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट पट्टी बांधू नका. मानेतल्या ज्या रक्तवाहिन्यांवर नवा फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून बसवलेले मांस, त्वचा किंवा हाड) जगतो त्या दबू शकतात. तळहाताचा हलका आधार पुरेसा.
३. दुखत असेल तर पॅरासिटामॉल, एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. अशक्त, वजन घटलेल्या किंवा यकृताचा त्रास असलेल्या रुग्णाला दिवसाला ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. सिस्प्लॅटिन (केमोचे औषध) घेतलेल्यांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असू शकतात.
४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे आणि शेवटचा डोस कधी घेतला ते कागदावर लिहा.
५. प्रश्न १ मधले दोन कागद घेऊन, शक्यतो ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे त्याच दिवशी जा.

हाडवैद्याकडे नेऊन जबडा ‘बसवून’ घेणे हा पर्याय नाही. शेकलेले हाड ओढल्याने सरकते, त्यावरची पातळ त्वचा फाटते आणि झाकलेली जखम उघडी होते.

६. एक्स-रे पुरतो का? आणि ‘फ्रॅक्चर’ म्हणजे कॅन्सर परत आला का?

सुरुवात ओपीजीने होते. हा संपूर्ण जबड्याचा एकच सपाट एक्स-रे. पुण्यात दंत-इमेजिंग सेंटरवर आणि दंत महाविद्यालयांत सहज होतो. पण प्लेट असेल तर तिच्या मागची तडा गेलेली रेघ ओपीजीत लपते, हनुवटीचा मधला भाग धूसर येतो. अशा वेळी सीटी स्कॅन लागतो. हासळी आणि नडगीच्या बारीक तड्यांसाठी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा एमआरआय उपयोगी.

कॅन्सर परत आल्यानेही हाड मोडते, त्यामुळे शंका रास्त आहे. मात्र पेट स्कॅनमध्ये ती जागा ‘पेटलेली’ दिसली म्हणजे कॅन्सरच, असे नाही. भरत असलेले फ्रॅक्चर, जंतुसंसर्ग, सडलेले हाड हे सगळे पेटमध्ये चमकतात. उपयोगी पडते ते सीटीत गाठीसारखे मांस दिसते का हे पाहणे, जुन्या स्कॅनशी तुलना करणे आणि गरज असेल तर बायोप्सी. शेकलेल्या हाडातून विनाकारण तुकडा काढला तर ती जखमच भरत नाही, म्हणून सर्जन बहुधा संशयित मांसातून तुकडा घेतात आणि हाडाला हात लावायला कां कू करतात. याला टाळाटाळ समजू नका.

७. बाबांच्या जबड्याची फक्त वरची कड काढली. जबडा तर अखंड आहे, मग भाकरी का नको?

दिसायला अखंड, पण ताकदीने नाही. चावताना जबड्याची वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. ताण सोसणारी वरची कडच काढली की सगळा भार खालच्या पट्टीवर येतो. खाली किमान १ सेंटिमीटर उंचीचे हाड राखायचा सर्जनचा प्रयत्न असतो. त्याहून कमी उरले, किंवा दात पडून जबडा आधीच झिजलेला असला, तर बरेच सर्जन तिथेच प्लेट लावून ठेवतात. कापताना कोपरा काटकोनात राहिला तर भेग तिथूनच सुरू होते, म्हणून गोलाई देऊन कापतात. उरलेली उंची किती हे ऑपरेशन नोटमध्ये किंवा नंतरच्या ओपीजीत कळते. विचारा.

खाण्याचा साधारण क्रम असा. पहिल्या टप्प्यात नळीने किंवा पातळ: पेज, ताक, गाळलेले वरण, नाचणीची आंबील. जखम भरल्यावर साधारण सहा आठवडे जिभेने टाळूवर चुरडता येईल एवढेच: खिमट, आसट मऊ भात, तांदळाची उकड, मऊ उपमा, केळे, दह्यात पूर्ण विरघळलेली पोळी. त्यानंतर तपासणी करून न कापलेल्या बाजूने मऊ पोळी. कडक भाकरी, बाकरवडी, चिक्की, ऊस, खारे शेंगदाणे, चिवडा हे पुढचे काही महिने तरी नाही. काहींना कायमचेच नाही. दूध-भाकरी चालेल का, असे विचारले जाते. तासभर भिजवून चमच्याने तुटली तर चालेल. दातांनी तोडावी लागली तर नाही.

८. तोंड उघडायचे व्यायाम सांगितलेत. त्यानेच जबडा मोडला तर?

तोंड न उघडणे हाही खरा त्रास आहे, विशेषतः सुपारी-गुटख्याने आधीच तोंड आखडलेले असेल तर. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड कमी उघडते असे धरतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरणे ही नेहमीची पद्धत. आज जितक्या काड्या सहज मावतात तितक्या अर्धा-एक मिनिट धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि काही दिवसांनी एक काडी वाढवायची.

पण जबड्याचे उरलेले हाड पातळ असेल, हाड उघडे पडले असेल किंवा प्लेट हलत असेल तर काड्या, स्क्रू लावून उघडणारी उपकरणे आणि ‘जोर लावून उघड’ असे दुसऱ्याने ताणणे, हे तिन्ही बंद. तेव्हा फक्त स्वतःच्या स्नायूंनी हळू उघडणे-मिटणे. यातले काय तुम्हाला लागू हे ओपीजी पाहून सर्जनने फिजिओथेरपिस्टला लिहून द्यायला हवे. हा निरोप मध्येच हरवतो, म्हणून चिठ्ठी स्वतः घेऊन जा.

९. जिभेच्या मागच्या गाठीसाठी जबडा मधून कापून पुन्हा जोडला. आता जोडाजवळ ‘टिक टिक’ होतं.

जबडा मध्यभागी किंवा जरा बाजूला कापून, दार उघडावे तसा बाजूला करून गाठ काढायची आणि मग प्लेट-स्क्रूने जोडायचा, ही जुनी पद्धत आहे. चांगली युनिट कापण्याआधीच प्लेट वाकवून, स्क्रूची भोके पाडून ठेवतात, म्हणजे नंतर दात जसेच्या तसे जुळतात. काही आठवड्यांनंतरही टिकटिक होत असेल, समोरचे दोन दात वेगवेगळे हलत असतील, तर स्क्रू सैल आहे किंवा हाड जुळलेलेच नाही. किरणोपचार सुरू व्हायच्या आधी दाखवा, कारण नंतर पुन्हा ऑपरेशन करणे जड जाते. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत शेक सुरू व्हावा हेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘हाड पूर्ण भरेपर्यंत शेक पुढे ढकला’ अशी मागणी म्हणून बहुधा मान्य होत नाही.

१०. प्लेट तुटली किंवा तोंडात दिसायला लागली. काढून टाकता येते का?

प्लेट टायटॅनियमची असते, आणि तारेला पुन्हा पुन्हा वाकवले तर ती तुटते तशीच रोजच्या चावण्याने तुटते. हाड काढून नुसती प्लेट लावली असेल आणि मध्ये हाडाचा तुकडा बसवलेला नसेल, तर ही वेळ आज ना उद्या येण्याची शक्यता बरीच. प्लेटवर हाड भरत नाही, त्यामुळे तिला विश्रांती मिळत नाही.

काढायची की नाही हे खाली काय आहे त्यावर ठरते. उसने घातलेले हाड जबड्याला नीट जुळले असेल तर प्लेटचे काम संपले; ती काढता येते आणि उघडे पडलेले मांसही बहुधा भरते. खाली हाड नसेल तर काढल्यावर जबडा एका बाजूला सरकतो, तेव्हा नवे हाड किंवा निदान नवी प्लेट लागते. दिसणाऱ्या प्लेटभोवती रोज चार-पाच वेळा मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या, मऊ ब्रश, आणि चिमट्याने ‘टोक जरा वाकवून’ घेण्याचा मोह टाळणे एवढे घरी करता येते.

११. ‘हाड सडलं’ म्हणजे काय? शेक देऊन दोन वर्षं झाली.

किरणोपचार झालेल्या जागी हाड उघडे पडले, तीन महिन्यांत झाकले गेले नाही आणि तिथे कॅन्सर परत आलेला नाही, तर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. हाडाला मिळालेला डोस ६० ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणोपचाराचा डोस मोजायचे एकक) पुढे गेला की धोका वाढतो. मागच्या दाढांचा भाग सर्वात नाजूक. अवस्था सोप्या शब्दांत तीन: फक्त दातांच्या कडेचे हाड, त्याखाली नसेच्या कालव्यापर्यंत, आणि कालव्याच्या खाली, किंवा बाहेर भोक पडलेले अथवा हाड मोडलेले. मोडलेला जबडा थेट तिसऱ्या अवस्थेत जातो, म्हणून पहिल्या दोन अवस्थांमध्ये पकडणे हाच खरा डाव आहे. उघड्या हाडाचा तांदळाएवढा ठिपका ‘दात टोचतोय’ म्हणून सोडून देऊ नका.

१२. शेक झालेल्या बाजूची दाढ दुखते. जवळच्या डेंटिस्टकडे काढून घेऊ?

नाही, निदान तसे नाही. मोडलेल्या जबड्यांमागे दात काढण्याची कहाणी वारंवार असते. आधी डोसचा कागद दाखवा: ती दाढ किती ग्रेच्या भागात येते? जास्त डोसच्या भागात असेल तर पहिली पसंती रूट कॅनाल. मुकुट (दाढेचा हिरडीवरचा भाग) तुटलेला असेल तर तो हिरडीच्या पातळीवर कापून मुळे आतच ठेवतात. काढायचीच झाली तर तोंड-जबड्याच्या सर्जनकडून, कमीत कमी धक्का देत, कडा गुळगुळीत करून, टाके घालून, आणि जखम झाकली जाईपर्यंत नियमित तपासणी. पुण्यात दंत महाविद्यालयांच्या (भारती विद्यापीठ धनकवडी, डी. वाय. पाटील पिंपरी, आझम कॅम्पसमधील रंगूनवाला) ओरल सर्जरी विभागांत हे काम होते.

हे टाळण्याचा मार्ग शेक सुरू होण्याआधीच असतो. खराब दात किमान दोन आठवडे आधी काढावेत, म्हणजे हिरडी झाकली जाते. नंतर आयुष्यभर फ्लोराइड: दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइड जेल, रोज रात्री पाच ते दहा मिनिटे, थुंकून टाकायचे आणि अर्धा तास चूळ भरायची नाही. आम्लयुक्त फ्लोराइड जेल कोरड्या तोंडाला चरचरते, ते मागू नका.

१३. पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई सुरू केलंय. ऑक्सिजनच्या खोलीचा (एचबीओटी) काही उपयोग?

पेंटॉक्सिफायलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई दिवसाला १००० युनिट, हा प्रचलित डोस. काही जण क्लोड्रोनेट हे हाडांचे औषधही जोडतात. परिणाम आठवड्यात नाही, महिन्यांत दिसतो. सुरुवातीच्या अवस्थांमध्ये फायदा बऱ्यापैकी. मोडलेले हाड फक्त गोळ्यांनी जुळत नाही. एक चूक फार होते: पेंटॉक्सिफायलिनची गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती कुटून नळीतून देऊ नये. सगळा डोस एकदम अंगात जातो आणि मळमळ, चक्कर, धडधड होते. नळीवर असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, किंवा अलीकडे मेंदूत किंवा डोळ्यात रक्तस्राव झाला असेल तर हेही आधीच सांगायला हवे.

उच्च दाबाच्या ऑक्सिजनवर पूर्वी फार भरवसा होता. दात काढण्याआधी २० आणि नंतर १० बैठका वगैरे. २०१९ मध्ये आलेल्या होपॉन या चाचणीत, शेकलेल्या जबड्यातला दात काढताना ऑक्सिजन दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत हाड सडण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले (६.४ आणि ५.७ टक्के). म्हणून केवळ खबरदारी म्हणून खिसा रिकामा करण्यात अर्थ नाही. निवडक रुग्णांत ऑपरेशनच्या जोडीने तो अजूनही देतात.

१४. शेक झालेला जबडा मोडलाय. नुसती प्लेट लावून का जोडत नाहीत?

अपघातात मोडलेला निरोगी जबडा प्लेटने सहा-आठ आठवड्यांत जुळतो. शेकलेल्या, सडलेल्या जबड्यात दोन्ही टोके मृत असतात. प्लेट कितीही घट्ट असली तरी स्क्रू सैल होतात. त्यामुळे रक्त येईपर्यंतचा मृत भाग काढायचा आणि पायातील फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून जोडायचे, हा उपाय. १९८९ पासून जबड्यासाठी फिब्युला वापरला जातो, आणि तो टिकतो कारण तो स्वतःचे रक्त सोबत आणतो. एवढे मोठे ऑपरेशन झेपणार नसेल तर हाडाचे मोकळे तुकडे काढणे, जंतुसंसर्ग आवरणे, मऊ आहार, आणि कधीकधी तो जबडा तसाच न जुळलेला पण न दुखणारा राहू देणे. ऐकायला विचित्र वाटते, पण वय आणि हृदय पाहता काहींसाठी हेच बरे.

१५. मानेचं ऑपरेशन आणि शेक होऊन दीड वर्ष झालं. गळ्याच्या हाडाजवळ टणक गाठ आली, दुखत नाही. पुन्हा कॅन्सर?

लगेच दाखवा, पण सर्वात वाईट गृहीत धरू नका. मानेच्या जुन्या मोठ्या ऑपरेशनमध्ये मानेचा उभा स्नायू आणि खांद्याची नस जाते. हासळीला वर खेचणारा स्नायू गेला, खांदा खाली ओघळला, छातीचा स्नायू मात्र खाली खेचतच राहतो; त्यात शेक आणि कधी छातीच्या स्नायूचा फ्लॅप हासळीवरून फिरवलेला. परिणामी हासळी आतल्या तिसऱ्या हिश्श्यात हळूहळू तडकते. पडल्याचे किंवा मार लागल्याचे काही आठवतही नाही. भरताना तिथे जो हाडाचा गोळा होतो तो बोटाला गाठीसारखा लागतो. छातीच्या हाडाजवळचा सांधाही याच कारणाने सुजतो.

एक्स-रे, मग सीटी. पेटबद्दल प्रश्न ६. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. हाताला झोळी, सहा ते बारा आठवडे वजन नाही. पाण्याची बादली, गॅस सिलेंडर, त्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग किंवा नातवंड नाही. मग खांद्याचा फिजिओ. मानेवर, छातीवर पट्टे आवळून बांधणारा ‘आठच्या आकाराचा’ पट्टा शेकलेल्या त्वचेला सोसत नाही, तो टाळतात.

१६. पायातून किंवा हातातून हाड घेतलंय. तो पाय-हात मोडेल का?

पाय: फिब्युलाच्या वर आणि खाली प्रत्येकी सहा सेंटिमीटरच्या आसपास हाड ठेवतात, वर नस सांभाळायला, खाली घोट्याचा सांधा घट्ट राहायला. शरीराचा भार मुळात नडगीवर असतो, त्यामुळे चालता येते. पण नडगी नव्या भाराला रुळायला वेळ घेते, आणि अचानक रोज पर्वतीच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली की क्वचित तिच्यात तडा पडतो. खूण: नडगीच्या एकाच बिंदूवर बोट ठेवता येईल असे दुखणे, चालल्यावर वाढणारे. तिथे चालणे थांबवून एमआरआय. अंगठा खाली वाकवायला कमजोरी आणि घोट्याजवळ जड वाटणे हे मात्र नेहमीचे, फ्रॅक्चर नव्हे.

हात: रेडियसची पूर्ण जाडी घेत नाहीत, चाळीस टक्क्यांच्या आसपास, तीही होडीच्या आकारात. तरी उरलेले हाड पिळाने मोडू शकते, म्हणून अनेक सर्जन त्याच वेळी प्लेट लावतात. प्लेट लावलेली नसेल तर सहा आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, आणि कपडे पिळणे, कणीक तिंबणे, बरणीचे घट्ट झाकण फिरवणे हे तीन महिने दुसऱ्यावर सोपवा.

१७. शेक झाल्यावर मान खूप दुखते, मागच्या बाजूला. हे फ्रॅक्चर असू शकतं?

बहुतेक वेळा आखडलेले स्नायू. पण घशाच्या मागच्या भिंतीवर न भरणारी जखम, ताप, रात्री वाढणारी वेदना असेल तर मानेच्या मणक्याचे हाड सडलेले किंवा जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हातापायांना मुंग्या, चालताना अडखळणे, लघवी अडणे यातले एकही लक्षण असेल तर तो आणीबाणीचा प्रसंग. मानेला मालिश किंवा झटका देऊन ‘कडकड’ काढून घेणे शेकलेल्या मानेत अजिबात नको.

१८. कॅल्शियम-डी घेतलं की पुरे ना? नळीतून काय द्यायचं?

हाड भरायला आधी प्रथिने लागतात: वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. नुसत्या पेजेवर ते कधीच होत नाही. दूध, दही, अंडे, गाळलेली मूगडाळ, प्रथिनांची पावडर मिसळावी लागते. कॅल्शियम आहारासह दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम. व्हिटॅमिन डी रक्तात कमी निघाले तर ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, हा नेहमीचा कोर्स. ‘आठवड्यातून’चे ‘रोज’ करू नका. जास्त डी विषारी ठरते.

मानेच्या शेकानंतर थायरॉइड मंदावतो, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दर सहा ते बारा महिन्यांनी. थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) रिकाम्या पोटी, आणि कॅल्शियम त्यानंतर चार तासांनी. एकत्र दिले तर थायरॉक्सिन शोषले जात नाही. थायरॉक्सिन गरजेपेक्षा जास्त झाले तरी हाड झिजते.

१९. आईला ऑस्टिओपोरोसिसही आहे. हाडांचं इंजेक्शन घ्यावं का?

इथे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे गरजेचे. झोलेड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधे मांडीचे आणि पाठीचे हाड वाचवतात, पण जबडा सडण्याचा धोका वाढवतात, आणि शेकलेल्या जबड्यात तो दुप्पट काळजीचा. आधी दंततपासणी, काढावे लागणारे दात आधी काढून जखम भरलेली, मगच इंजेक्शन. अलेंड्रोनेटची गोळी गिळून अर्धा तास ताठ बसावे लागते आणि कुटून देता येत नाही, त्यामुळे गिळण्याचा त्रास असलेल्यांना ती बहुधा चालत नाही.

उलटी अडचणही येते: डेनोसुमॅब आधीच सुरू आहे आणि दात काढायचा म्हणून कोणी ते परस्पर बंद करतो. सहा महिन्यांचा डोस चुकला की पाठीचे मणके एकामागून एक दबू शकतात. थांबवायचे असेल तर दुसरे औषध लावूनच.

२०. आता कॅन्सर निघाला. थोडी मिश्री दाताला लावली तर?

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मिश्री आणि तपकिरीला मात्र घरात औषधाचा मान मिळतो. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि शेकलेल्या हाडाला मुळातच रक्त कमी. शिवाय बोटाने घासल्याने हिरडी सोलवटते आणि हाड उघडे पडते. सुपारी तर चावायलाही कडक. थोडीसुद्धा नाही.

२१. दुचाकी, हेल्मेट, एमआरआय?

टायटॅनियमची प्लेट असताना १.५ आणि ३ टेस्लाचा एमआरआय साधारणपणे सुरक्षित. प्लेटच्या आसपासचे चित्र फक्त अंधुक येते. शेकासाठीही प्लेट काढावी लागत नाही. दुचाकीबद्दल उत्तर पुणेकरांना रुचत नाही: हासळी किंवा जबडा भरेपर्यंत चालवूही नका, मागेही बसू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दाबतो, मान वळत नाही म्हणून मागचे दिसत नाही, आणि स्पीडब्रेकरचा झटका न जुळलेल्या हाडाला थेट बसतो. पट्टा न लावता हेल्मेट घालणे हा त्यावरचा उपाय नाही.

२२. ऑपरेशन परळला टाटामध्ये झालं, राहतो पुण्यात. हाड मोडलं तर कुठे जायचं? आणि खर्च?

श्वास, रक्तस्राव, तीव्र जंतुसंसर्ग यासाठी जवळचे मोठे रुग्णालय, ससूनही चालेल. स्थिर रुग्णाने मात्र मूळ युनिटला फोन करून ओपीजीचा फोटो पाठवावा आणि मगच कुठे जायचे ते ठरवावे. कारण मानेतल्या कुठल्या रक्तवाहिन्या वापरल्या हे त्यांनाच माहीत असते, आणि पुढचा फ्लॅप त्यावर अवलंबून. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सर आणि हाडांच्या काही शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) रेशन कार्ड, आधार आणि जुनी ऑपरेशन नोट घेऊन भरती होण्याआधी भेटा. भरती झाल्यावर, पैसे भरून झाल्यावर परतावा मागणे अवघड जाते. प्लेट आणि स्क्रू पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, हेही त्याच भेटीत लेखी विचारून घ्या.